अल्पखर्ची विज्ञान-संगीतिका आणि रंगसंकेत : ‘द रॉकी हॉरर शो’चा प्रयोगविचार

विज्ञानकथा रंगभूमीवर आणताना पहिला प्रश्न उभा राहतो तो दृश्याचा. कथालेखक एका वाक्यात अंतराळयान उडवितो. नाट्यनिर्मात्याला त्याच वाक्यासाठी सुतार, प्रकाशयोजनाकार आणि पैसा लागतो. त्यामुळे विज्ञाननाट्य म्हणजे खर्चिक नाट्य, असा समज सहज होतो. वस्तुतः ‘रोबो’ हा शब्दच जगाला नाटकाने दिला. कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ १९२१ मध्ये प्रागच्या रंगभूमीवर आले. त्यातील कृत्रिम माणसे दिसायला माणसांसारखीच असल्याने त्यांच्यासाठी यंत्र नव्हे, नटच हवा होता. विज्ञाननाट्याला लागणारे भांडवल हे मुख्यतः कल्पनेचे असते, ही गोष्ट तेथेच सिद्ध झाली होती.

संगीताची जोड मिळाली की प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो असे वाटते. प्रत्यक्षात तो सुटण्याची शक्यता वाढते. संवाद चालू असता पात्र एकाएकी गाऊ लागते, हे ज्या प्रेक्षकाने मान्य केले, त्याने वास्तवाचा आग्रह आधीच सोडलेला असतो. १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’पासून मराठी प्रेक्षकाला हा करार परिचित आहे. गाणे स्वीकारणारा प्रेक्षक परग्रहही स्वीकारतो. मात्र तो परग्रह खरा असल्याचा दावा रंगमंचाने करता कामा नये.

हा दावा केल्यास काय होते, याचे उदाहरण न्यूयॉर्कमध्ये सापडते. ‘हेअर’चे संगीतकार गाल्ट मॅक्डरमॉट यांची ‘व्हिया गॅलॅक्टिका’ ही संगीतिका नोव्हेंबर १९७२ मध्ये ब्रॉडवेवरील नव्या युरिस नाट्यगृहात आली. दिग्दर्शक होते पीटर हॉल. भारहीनतेचा आभास निर्माण करण्यासाठी रंगमंचावर उसळी देणारी ताणपटले बसविली होती आणि नट त्यांवर उड्या घेत. कथा कळेना म्हणून अखेर कार्यक्रमपत्रिकेत कथासार घालावे लागले. सात प्रयोगांनंतर नाटक बंद पडले. अपयशाचे खापर केवळ ताणपटलांवर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि यंत्रणेने जे दाखविले ते संहितेने सांगितले नव्हते, हे उघड आहे.

यानंतर सातच महिन्यांनी, जून १९७३ मध्ये, लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहाच्या माडीवरील छोट्या सभागृहात ‘द रॉकी हॉरर शो’चा पहिला प्रयोग झाला. आसने होती ६३. संहिता, गीते आणि संगीत रिचर्ड ओ’ब्रायन या नटाचे. काम नसलेल्या दिवसांत त्याने ती लिहिली होती. दिग्दर्शन जिम शार्मन, नेपथ्य ब्रायन थॉमसन, वेशभूषा स्यू ब्लेन. कथानक जाणीवपूर्वक स्वस्त आहे : नुकताच वाङ्निश्चय झालेले एक जोडपे गाडीचे चाक पंक्चर झाल्याने एका वाड्यात आश्रयाला येते. तेथील शास्त्रज्ञ कृत्रिम पुरुष घडवीत असतो, आणि तो स्वतः परग्रहावरील असल्याचे पुढे कळते. जुन्या, दुय्यम दर्जाच्या विज्ञानपटांची ही प्रेमाने केलेली थट्टा आहे.

थट्टेचा विषयच मुळी स्वस्त चित्रपट असल्यामुळे प्रयोगातील दारिद्र्य हे व्यंग न राहता आशय बनले. थॉमसन यांनी सभागृहाला पाडावयास काढलेल्या चित्रपटगृहाचे रूप दिले. नेपथ्याला लागणारी जागा आणि द्रव्य यांचा प्रश्न असा सुटला की, प्रेक्षक बसले होते तीच जागा नेपथ्य झाली. प्रारंभी चित्रपटगृहातील खाद्यपदार्थ विकणारी मुलगी येते आणि जुन्या विज्ञानपटांचे स्मरण करणारे गीत गाते. मराठी अभ्यासकाला येथे नांदी आठवल्यावाचून राहणार नाही. देवतांच्या जागी नटनट्या आणि राक्षसपट आले आहेत, एवढेच. कथेतील रिकाम्या जागा निवेदक भरून काढतो. हा सूत्रधाराचाच अवतार होय.

एकाच नटाला दोन भूमिका देण्याची पद्धतही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. विक्रेती मुलगी आणि वाड्यातील दासी मॅजेंटा या दोन्ही भूमिका पॅट्रिशिया क्विन यांनी केल्या. त्याहून सूचक योजना दुसरी. शास्त्रज्ञाकडून मारला जाणारा एडी आणि त्याच्या शोधात येणारा त्याचा मामा-काका कोणी असा वडीलधारा डॉ. स्कॉट, या दोन भूमिका एकाच नटाकडे होत्या. एका नटाचे वेतन वाचले हे खरेच. परंतु मेलेलाच आपला शोध घेत परत आला, असा एक विचित्र अर्थही हाती लागला. १९७५ च्या चित्रपटात या भूमिका दोन नटांनी केल्या आणि तो अर्थ हरवला. काटकसर आणि कल्पकता यांची सीमारेषा येथे ठरविता येत नाही. ती ठरविण्याची घाईही करू नये.

नाट्यशास्त्रातील कक्ष्याविभागाची कल्पना येथे उपयोगी पडते. रंगमंचावर एक फेरी मारली की स्थळ बदलते. हा संकेत तमाशाच्या वगात आजही राबतो. पृथ्वीवरून परग्रहावर जाणे हे पुण्याहून साताऱ्याला जाण्याहून संकेताच्या दृष्टीने अवघड नाही. दोन्हींना फेरी एकच लागते. अवघड आहे ते प्रेक्षकाला त्या फेरीच्या नियमांत आरंभीच सामील करून घेणे, आणि नांदीचे काम तेच.

प्रयोगाचा पुढील प्रवास या विवेचनाची कसोटी पाहणारा आहे. ऑगस्ट १९७३ मध्ये तो चेल्सीतील एका खऱ्याखुऱ्या चित्रपटगृहात गेला, नंतर किंग्ज रोड थिएटरमध्ये १९७९ पर्यंत चालला. तेथून तो कॉमेडी थिएटरमध्ये आला. कमानी रंगमंच असलेली ही त्याची पहिलीच वास्तू. तेथे त्याची फेरमांडणी करावी लागली आणि एकसंध प्रयोगाचे प्रथमच मध्यंतरासह दोन अंक करावे लागले. इमारत संहितेच्या रचनेत हस्तक्षेप करते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. १९८० मध्ये प्रयोग थांबले तेव्हा त्यांची संख्या २,९६० झाली होती.

उलट, लॉस एंजेलिसच्या रॉक्सी या संगीत-क्लबमध्ये १९७४ साली गाजलेला हाच प्रयोग मार्च १९७५ मध्ये ब्रॉडवेच्या बेलास्को नाट्यगृहात आला आणि ४५ प्रयोगांत संपला. आसने काढून तेथे क्लबसारखी टेबले मांडली होती, तरीही. म्हणजे मांडणीची नक्कल करून जवळीक निर्माण होत नाही. चित्रपटही आरंभी पडला. पुढे १९७६ पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली चित्रपटगृहात मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले. हळूहळू प्रेक्षक पडद्याला उलट उत्तरे देऊ लागले, घरी शिवलेले कपडे घालून पडद्यासमोरच भूमिका करू लागले. थॉमसन यांनी नाट्यगृहाचे चित्रपटगृह केले होते. या प्रेक्षकांनी चित्रपटगृहाचे पुन्हा नाट्यगृह केले, आणि तेही निर्मात्याचा एक पैसा न खर्चता.