उदगीर कुणाकडे?

सेल्समध्ये एखाद्याला मागे ठेवायचं असेल तर त्याला छळायची गरज नसते. त्याची काळजी घेतली तरी पुरतं.

मी औषधांच्या लाइनीत आले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. हेडक्वार्टर लातूर. औसा, निलंगा, अहमदपूर ही जाऊन-येऊन करायची गावं, म्हणजे एक्स-स्टेशन. उदगीर-देगलूर हा मुक्कामाचा पट्टा, म्हणजे आउट-स्टेशन. माझ्या टेरिटरीचा कणा होता उदगीर. कर्नाटकाच्या हद्दीजवळचं गाव, ओपीडी भरलेल्या, आणि डॉक्टर भेटायचे ते रात्री शेवटचा पेशंट गेल्यावर. त्यामुळे मुक्काम चुकत नसे.

आमचे एरिया मॅनेजर मनाने सज्जन. एका महिन्याच्या क्लोजिंगनंतर म्हणाले, "मॅडम, लॉजवर रात्री राहणं तुम्हाला बरं नाही. उदगीर-देगलूर नांदेडच्या पोराकडे देतोय. तुम्ही लातूर बघा." हे विचारणं नव्हतं, कळवणं होतं. आई तर त्यांना दुवा देत होती. टार्गेटही तेवढंच कमी केलं, त्यामुळे कागदावर माझं काही गेलंच नाही.

गेलं ते पुढे कळलं. एरिया मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखत झाली तेव्हा माझ्या शीटवर शेरा होता : आउट-स्टेशनचा पुरेसा अनुभव नाही, पूर्ण टेरिटरी हाताळलेली नाही. सही त्याच सज्जन साहेबांची. जागा नांदेडच्या पोराला मिळाली. तो चांगलाच होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्या आकड्यात उदगीर होतं आणि माझ्यात नव्हतं.

मी उदगीर लेखी मागून घेतलं. एसटी स्टँडजवळ घरगुती चालवलेला एक लॉज सापडला, मालकीण वरच्या मजल्यावर राहायची. भाडं कंपनीच्या भत्त्यात बसत नव्हतं, म्हणून वरची रक्कम मंजूर करून घेतली. सगळी अडचण एवढीच होती. प्रश्न लॉजचा होता आणि काढून घेतली टेरिटरी.

पुढे मी स्वतः एरिया आणि मग रिजन सांभाळायला लागले, तेव्हा असाच शेरा वेगवेगळ्या नावांसमोर वाचला. धडगाव-अक्कलकुव्याकडचा, पावरी बोलणारा एक मुलगा होता. "तो तिकडचाच आहे, लोक त्याचं ऐकतात," म्हणून वर्षानुवर्षं नंदुरबारच त्याच्याकडे. नाशिकची मोठी हॉस्पिटलं त्याला कधी दाखवलीच नाहीत. बढतीच्या वेळी शेरा : कन्सल्टंट हाताळलेले नाहीत. मालेगावच्या एका मुस्लिम रिप्रेझेंटेटिव्हला मालेगावच, कारण उर्दू येते. पायाने अधू असलेल्या एकाला बाजारपेठेतल्या एकाच गल्लीतले केमिस्ट, "त्याला जिने कशाला चढवायचे?" त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की स्कूटरला साइड-व्हील आहेत आणि निम्मे दवाखाने तळमजल्यावर आहेत. तिघांच्याही मॅनेजरांच्या मनात वाईट काही नव्हतं, याची मला खात्री आहे. म्हणून तर हे पकडणं अवघड.

टीम सर्वसमावेशक आहे का, हे मी भरतीच्या आकड्यावरून ठरवत नाही. महिला दिनाला केक कापतानाच्या फोटोवरून तर अजिबात नाही. मी टेरिटरीचा तक्ता मागते. मुक्कामाची गावं कुणाच्या नावावर आहेत, मोठी हॉस्पिटलं कुणाकडे, स्टॉकिस्टशी थकलेल्या पैशांचं बोलणं कोण करतं, जागा रिकामी पडली की जादा टेरिटरी कुणाला देतात. या चार ओळींत एकाच प्रकारची माणसं दिसली, की बाकीची नुसती पटावर आहेत असं समजावं. नवीन मॅनेजर झालेल्यांनी एप्रिलमध्ये टार्गेट वाटण्याआधी हा तक्ता एकदा समोर ठेवून बसावं. आणि कुणाला वगळलंय असं दिसलं, तर त्या माणसाला विचारावं : जमेल का, आणि जमायला काय लागेल? उत्तर बहुतेक वेळा स्वस्त असतं. वेगळा लॉज, पहाटेऐवजी सकाळची गाडी, रमजानमध्ये जॉइंट वर्क, म्हणजे साहेबांबरोबरच्या भेटी, दुपारी उरकणं.

माणसं वगळली जातात ती दुसरी जागा म्हणजे सायकल मीटिंगची, टीमच्या ठरावीक काळाने होणाऱ्या बैठकीची, संध्याकाळ. दिवसभर हॉलमध्ये स्लाइड चालतात आणि पुढच्या तिमाहीचं टार्गेट रात्री साहेबांच्या खोलीत, ग्लास भरल्यावर, कमी-जास्त होतं. तिथे बायका नसतात, न पिणारे नसतात, नवीन लागलेला संकोचाने आत येत नाही. सकाळी यादी लागते तेव्हा यांच्या वाट्याला उरलेलं येतं. मी टार्गेटची घासाघीस सकाळी अकराला, सगळ्यांसमोर घ्यायला लावली. प्रत्येकाने आपल्या भागाचं आरसीपीए, म्हणजे केमिस्टकडून आणलेली प्रिस्क्रिप्शनची नोंद, मांडायची आणि मगच बोलायचं. जुने लोक कुरकुरले. साहेबांच्या खोलीत सवलत मिळवणाऱ्यांचं नुकसान झालं हे खरंच आहे. झालं तर झालं.

भरतीबद्दल थोडंच सांगते. "माझ्या ओळखीचा आहे, घेऊन टाका" अशी भरलेली टीम लवकर उभी राहते, एकमेकांच्या घरची लग्नंही करते. मी पाहिलेल्या एका डिव्हिजनमध्ये मॅनेजरने नोकरी सोडली आणि पुढच्याच महिन्यात जवळजवळ सगळे त्याच्यामागे नव्या कंपनीत गेले. स्टॉकिस्टकडे माल पडून, डॉक्टरांकडे जायला माणूस नाही.

कायद्याचं भान मॅनेजरला हवं, एचआरवर सोडून चालत नाही. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाच्या निमित्ताने जावं लागणारी प्रत्येक जागा कामाचंच ठिकाण धरली आहे. म्हणजे डॉक्टरची केबिन, स्टॉकिस्टचं गोडाऊन, कंपनीने दिलेली गाडी, सगळं आलं. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. त्रास देणारा बाहेरचा माणूस असला तरी, तक्रार करणाऱ्या बाईची इच्छा असेल तर कारवाईला मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे. एखाद्या मुलीने येऊन काही सांगितलं आणि तिच्या साहेबांच्या तोंडून पहिलं वाक्य "पण तो आपला मोठा प्रिस्क्रायबर आहे" असं निघालं, तर त्या दिवसानंतर टीममधली कुणीच त्यांना काही सांगणार नाही. बाळंतपणाचंही तसंच. २०१७पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि रजेच्या काळात नोकरीच्या अटी तिला तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. तरी परत आल्यावर जुनी टेरिटरी दुसऱ्याकडे आणि हिला "सध्या घराजवळची" असं सर्रास चालतं. रजेवर जाण्याआधीच लेखी ठरवा : टेरिटरी कोण चालवणार, किती दिवस, आणि परत कधी देणार.

आता ज्यांना वर जायचं आहे त्यांच्यासाठी. तुम्ही बोलायला चांगले, शिकवायला चांगले असाल तर लवकरच कुणीतरी म्हणेल, "ट्रेनिंगमध्ये या, फिरणं नाही, मानाचं काम आहे." काम मानाचं आहेच. पण ट्रेनिंगमध्ये तुमच्या नावावर आकडा नसतो, आणि रिजनल मॅनेजर निवडताना समितीपुढे आकड्यांचीच शीट असते. आधी एक पडलेली टेरिटरी उभी करा, एका अडेल स्टॉकिस्टकडून पैसे वसूल करा, एका कमी पडणाऱ्या माणसाबरोबर वर्ष काढा. मग ट्रेनिंगला खुशाल जा, तिथून परतही येता येईल. जॉइंट वर्कला साहेब बरोबर असले की डॉक्टरशी बोलणं त्यांनाच करू देऊ नका. तो कॉल तुमचा आहे. आणि वार्षिक मूल्यमापनात तोंडी कौतुक झालं तर तेच दोन ओळींत मेलवर मागा.

माझ्याकडे येणाऱ्या मुली शेवटी विचारतात, "मॅडम, पण मुक्कामाला घरचेच नको म्हणतात, मग?" घरची परिस्थिती मला कळत नाही असं नाही, आणि कधी कधी नाही म्हणणंच शहाणपणाचं असतं. पण ते तिने म्हणावं, तिच्या वतीने साहेबांनी नाही. आणि वर्षाने मूल मोठं झालेलं असतं, सासूबाई राहायला आलेल्या असतात, किंवा नवऱ्याची बदली झालेली असते. म्हणून पुढच्या एप्रिलला मॅनेजरने तिला पुन्हा विचारावं, गेल्या वर्षीचं उत्तर गृहीत धरू नये.