रांग मोडू नका, राणी गाठा

ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली की हात आपोआप फवाऱ्याकडे नाहीतर ओल्या फडक्याकडे जातो. दोन मिनिटांत ओटा लख्ख, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाळणीभोवती पुन्हा तीच मंडळी. आपल्याला दिसतात त्या अन्नाच्या शोधात बाहेर पडलेल्या कामकरी मुंग्या, म्हणजे वसाहतीचा थोडासाच भाग. राणी, अंडी आणि अळ्या टाइलच्या मागे, खिडकीच्या चौकटीत किंवा बाल्कनीतल्या कुंडीत सुखरूप असतात. राणी अंडी घालते आहे तोवर रांगेत नवी भरती होतच राहणार. म्हणून खालचे सगळे करा-करू नका एकाच हिशेबाने लिहिले आहेत: रांगेकडूनच राणीपर्यंत विष पोचवून घ्यायचं.

आधी बघावं

करावं: पाचेक मिनिटं रांग नुसती बघत उभं राहावं. मुंग्या कशाकडे चालल्यात हे सगळेच बघतात. त्या येतात कुठून हे शोधावं. सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो ते भोक, टाइलचा उघडा सांधा, गॅसच्या नळीची जागा, स्विचबोर्डाची कड ही नेहमीची ठिकाणं. सापडली की पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

करावं: पाहुणा कोण आहे ते ओळखावं. मोठे काळे डोंगळे बहुधा बाहेर मातीत, झाडाच्या बुंध्याशी राहतात. एकटादुकटा घरात आला तर सुपलीत घेऊन बाहेर टाकला की काम झालं. लांब पायांच्या, सैरावैरा धावणाऱ्या काळ्या मुंग्या त्रासदायक खऱ्या, पण निरुपद्रवी. लाल मुंगीचा डंख मात्र चांगलाच आग करतो. घरात तान्हं बाळ असेल तर हिला पहिला नंबर द्यावा, आणि पाळण्यात सांडलेलं दूध तिथल्या तिथे पुसावं.

टाळावं: जेमतेम 2 मिलिमीटरच्या, फिकट पिवळसर मुंग्यांवर फवारा मारणं. ही फॅरो मुंगी. हिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. फवारा बसला की वसाहत फुटते, एकेक राणी आपला गोतावळा घेऊन वेगळी चूल मांडते आणि स्वयंपाकघरातला त्रास न्हाणीघरात आणि कपाटातही सुरू होतो. 'फवारल्यापासून वाढल्याच' अशी तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते, ती अगदीच खोटी नसते.

आमिष: खरं काम इथे होतं

कामकरी मुंगीला घट्ट पदार्थ गिळता येत नाही. ती पातळ तेवढं पिते, पोटातल्या वेगळ्या पिशवीत साठवते आणि घरी जाऊन तोंडाने तोंडात भरवते. अळ्यांना आणि राणीलासुद्धा. आपलं विष याच वाटेने जायचं आहे. त्यामुळे ते सावकाश मारणारं हवं. वाटेतच मेलेल्या मुंगीचा आपल्याला काही उपयोग नाही.

करावं: एक कप (200 मिली) कोमट पाण्यात चार सपाट मोठे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा बोरिक पावडर पूर्ण विरघळवावी. बोरिकचं प्रमाण साधारण एक टक्का होतं. कॅरमवर टाकायला आणतो तीच ही पावडर, पण पाकिटावर 'बोरिक ॲसिड' असं छापलेलं असल्याची खात्री करावी. कापसाचा बोळा या पाण्यात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवावा आणि झाकण रांगेच्या अगदी कडेला, पेन्सिलीच्या खुणेजवळ मांडावं.

टाळावं: 'जरा जास्तच घालू, एकदाची जाऊ देत' हा मोह. बोरिक वाढलं की मुंग्या तोंड लावत नाहीत, किंवा लावतात आणि घरी पोचण्याआधीच मरतात.

टाळावं: पहिल्या दिवशी घाबरणं. झाकणाभोवती मुंग्यांची जत्रा भरते, घरातली माणसं 'हे काय आणून ठेवलंस?' म्हणतात. भरू द्यावी. गर्दी झाली म्हणजे आमिष पसंत पडलं. एकही मुंगी चिरडू नये, आसपास फवारा मारू नये, फिनेलने पुसू नये. बोळा सुकला की बदलावा. काही दिवसांत रांग विरळ होते. वसाहत मोठी असेल तर दोन-तीन आठवडेही लागतात.

करावं: गोडाकडे मुंग्या फिरकल्याच नाहीत तर त्यांची आवड विचारावी. कागदाच्या एका कोपऱ्यात साखरेच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्यात तुपाचा ठिपका, तिसऱ्यात शेंगदाण्याचं बारीक कूट. तासाभराने कुठे गर्दी आहे ते बघावं. अळ्या वाढत असताना वसाहतीला प्रथिनं लागतात, तेव्हा साखरेपेक्षा कुटाला गिऱ्हाईक जास्त. मग चमचाभर पीनट बटरमध्ये चिमूटभर बोरिक कालवून ठेवावं.

करावं: आमिष मांडलेलं असताना बाकीचा ओटा कोरडा ठणठणीत ठेवावा. शेजारी आमरसाची वाटी उघडी असेल तर तुमचं साखरपाणी कोण पिणार?

टाळावं: बोरिक पावडर स्वयंपाकघरात ठेवणं. दिसायला ती खाण्याच्या सोड्यासारखीच असते. ठळक नाव लिहून, कुलपाच्या कपाटात, वेगळ्या चमच्यासह ठेवावी. रांगतं मूल किंवा मांजर-कुत्रं असेल तर आमिष उघड्या झाकणात नको. बारीक भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत, हात पोचणार नाही असं. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी काढायच्या फंदात पडू नये, पाकीट हातात घेऊन थेट डॉक्टर गाठावा.

हळद, लवंग आणि पाण्याच्या वाट्या

हळद, तिखट, दालचिनी, लिंबू, व्हिनेगर यांच्या वासाने मुंग्या वळसा घालतात, एवढंच. वसाहतीला धक्का लागत नाही. भिंतीच्या कडेला हळदीची रेघ ओढायची असेल तर ओढावी, पण पांढऱ्या टाइलवरचा पिवळा डाग मुंग्यांपेक्षा जास्त टिकतो.

करावं: साबणाच्या पाण्याने वाट पुसावी. मुंग्या वासाची खूण सोडत चालतात आणि मागच्या मुंग्या ती हुंगत येतात; साबणाने ती जाते. मात्र हे आमिषाचं काम संपल्यावर. आधी पुसलंत तर विष नेणारी रांगच तुटते.

करावं: साखरेच्या बरणीचं झाकण उघडून आटे बघावेत. तिथे अडकलेले साखरेचे कण आणि ओल्या चमच्यामुळे झालेला चिकट थर हेच खरं आमंत्रण. लवंगा घातल्या तर बिघडत काही नाही, पण आटे कोरड्या फडक्याने पुसले तर लवंगांची गरज उरत नाही.

करावं: जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी पद्धत उत्तम आहे. फक्त पाण्यावर धूळ साचली की मुंग्या तिच्यावरून पार होतात. म्हणून पाणी बदलत राहावं आणि त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकावेत. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर मात्र वाट्या शोभेच्या.

टाळावं: मुंग्या लागलेली साखर किंवा रवा फेकून देणं. ताटात पसरून उन्हात ठेवावं. मुंग्या आपणहून जातात, मग चाळून घ्यावं.

टाळावं: देव्हाऱ्यात सांडलेलं पंचामृत 'संध्याकाळी पुसू' म्हणून ठेवणं. गणपतीत नैवेद्याचं ताट आणि निर्माल्याची टोपली, दिवाळीत लाडवांचा डबा, इथेही तेच.

बाल्कनीतली जास्वंद

घर स्वच्छ, साखर बंद, तरी मुंग्या येतात अशा घरी मी आधी कुंड्या बघायला सांगेन. जास्वंदीचा कोवळा शेंडा वाकवून पाहा. पानाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसतील: पिठ्या ढेकूण. ते झाडाचा रस पितात आणि गोड चिकटा बाहेर टाकतात. मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात ढेकणांचा त्यांच्या शत्रूंपासून बचाव करतात. चिकट चकाकणारी पानं आणि खोडावरून चढ-उतार करणारी रांग दिसली की समजावं, दुकान इथे मांडलं आहे.

करावं: जास्त बिघडलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकावेत. उरलेल्या झाडावर सौम्य साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल मिसळून पानांच्या खालच्या बाजूने फवारावं, दर आठवड्याला, पुंजके दिसेनासे होईपर्यंत. भिंतीला किंवा ग्रिलला टेकलेली फांदी कापावी. तो मुंग्यांचा पूल असतो.

टाळावं: कुंडीत उकळतं पाणी किंवा रॉकेल ओतणं. मुंग्यांआधी झाड जातं. भिंतीच्या भोकात रॉकेल ओतणं तर सरळ आगीला बोलावणं.

विष वापरताना

टाळावं: जुन्या घरात माळ्यावर सापडलेली गॅमेक्सिनची पुडी. त्यातल्या लिंडेनच्या वापरावर भारतात 2013पासून बंदी आहे.

टाळावं: खडूने ओट्यावर, पोळपाटाजवळ रेघा मारणं. मुंग्यांच्या खडूत कीटकनाशक असतं, आणि लहान मुलाला तो पाटीवरचा खडूच वाटतो. मारायचीच तर दाराच्या उंबऱ्याशी, कोरड्या जागी मारावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. मांजर असेल तर तेही नको.

टाळावं: पेटत्या गॅसजवळ फवारा. टाळावं: स्विचबोर्डात फवारा किंवा पाणी. तिथे मुंग्या असतील तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

करावं: रांग पूर्ण थांबल्यावर पेन्सिलीच्या खुणा शोधून ती भोकं व्हाइट सिमेंट किंवा सिलिकॉनने बुजवावीत. आधी बुजवली तर मुंग्या दुसरीकडून बाहेर पडतात आणि शोध पहिल्यापासून.

पंखवाल्या

पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे घोंघावतात. ते मुंग्या की वाळवी हे त्याच संध्याकाळी बघावं. मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीची कंबर जाड आणि चारही पंख सारख्या लांबीचे. सकाळी खिडकीखाली गळलेल्या पंखांचा ढीग असतो. ढीग घराच्या आतल्याच फटीपाशी असेल तर हे मुंग्यांचं प्रकरणच नव्हे, दाराच्या चौकटी ठोकून बघाव्यात.

करावं: पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंत तर परवाना आणि औषधाचं नाव विचारावं, आणि मुंग्यांसाठी जेलचं आमिष लावणार की नुसतं फवारणार हेही. नुसतं फवारणार असेल तर दुसरा बघावा. फवारणी करावीच लागली तर भांडी आणि धान्य हलवावं, माशांची टाकी झाकून तिचा हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवावा. या औषधांतली बरीचशी माशांना फार घातक असतात.