खेळ तिचा, फळ कोणाचं?

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७



हा श्लोक लहानपणापासून पाठ आहे. पण तो मला लागू पडतो, हे गेल्या रविवारी स्कूटरवर कळलं.

माझी नऊ वर्षांची लेक बॅडमिंटन खेळते. स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरली. घरी येताना मी सुरू झालो. सर्व्हिस नेटमध्ये का मारलीस, बॅकहँडला पाय का हलले नाहीत, अकरा पॉइंटला ब्रेक मिळाला तेव्हा सरांचं नीट का ऐकलं नाहीस... ऑफिसात कोड रिव्ह्यू करतो, तसा अख्ख्या मॅचचा रिव्ह्यू! ती मागे गप्प होती. सिग्नलला म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी तू नको येऊस. आईला येऊ दे."

रात्री श्लोक परत काढला. भगवंत अर्जुनाला चार गोष्टी सांगतात : अधिकार कर्मापुरता आहे, फळावर नाही, फळासाठी कर्म करू नकोस, आणि कर्म टाकूनही देऊ नकोस.

आता बघा, खेळणं हे लेकीचं कर्म. त्याच्या फळावर तिचाही अधिकार नाही, मग माझा कुठून आला? माझं कर्म वेगळंच आहे. सकाळी तिला वेळेवर उठवणं, डबा-पाणी देणं, सरावाला सोडणं, आणि कोर्टबाहेर शांत बसणं. चुका दाखवायला सर आहेत.

चौथी गोष्ट आपण विसरतो. फळाची आस सोडायची म्हणजे "तुझं तू बघ" म्हणून मोकळं व्हायचं नाही. सचिन तेंडुलकरने २०१३ च्या निरोपाच्या भाषणात वडिलांबद्दल सांगितलं होतं : अकराव्या वर्षी त्यांनी त्याला स्वप्नामागे जायचं स्वातंत्र्य दिलं, पण आडवाटा शोधू नकोस असंही बजावलं. प्रा. रमेश तेंडुलकर कवी होते, क्रिकेटपटू नव्हे. शिवाजी पार्कवर आचरेकर सरांकडे त्याला मोठ्या भावाने, अजितने नेलं. वडिलांनी मोकळीक दिली, पण हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीला "सॉरी" म्हटलं. तिने एवढंच विचारलं, "मग शनिवारी सरावाला सोडशील ना?"

आजचा संकल्प : मॅच संपल्यावर पहिला प्रश्न "जिंकलीस का?" नसेल. "मजा आली का? भूक लागली का?" एवढंच. मॅचबद्दल बोलायचं असेल तर सुरुवात ती करेल, मी ऐकेन.

तुमच्या घरी परतीच्या वाटेवर काय बोलणं होतं? आज जरूर आठवून बघा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥