मुंगूस आडवे आले तर?



मांजर आडवे गेले की अपशकुन आणि मुंगूस दिसले की शुभशकुन, असे आपल्याकडे पुष्कळ लोक मानतात. सायकलवाल्याच्या दृष्टीने मात्र दोघांत काही फरक नाही. प्राणी किती अंतरावर आडवा आला, एवढाच प्रश्न असतो. वीस मीटरवर आला तर पाहण्याची मौज. तीन मीटरवर आला तर ढोपर फुटण्याची आणि त्या मुक्या जिवाची हाडे मोडण्याची वेळ. या दोहोंच्या मधले, धोका सुरू होण्याचे अंतर कोणते? ते गणिताने काढता येते, आणि त्याला लागणारे गणित तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे.

उदाहरणासाठी जागा घेऊ पुण्यातल्या गुलटेकडीचे मार्केट यार्ड. रानातला प्राणी आणि मार्केट यार्ड यांचा काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. पण विचार करा. येथे गूळ-भुसाराची गोदामे आहेत, फळे-भाजीपाल्याचे गाळे आहेत, फुलांचा बाजार आहे. रोज सांडणारे धान्य आणि टाकून दिलेला पाला यांवर उंदीर आणि घुशी पोसल्या जातात. घूस म्हणजे किलोभर वजनापर्यंत वाढणारा, बिळे करून राहणारा दांडगा प्राणी. जेथे उंदीर-घुशी, तेथे त्यांना खाणारी मुंगसे आणि धामणी येणारच. शिवाय पश्चिमेला पर्वती-पाचगावच्या टेकड्या आणि तळजाईचे रान फार दूर नाही. कात्रजकडून आंबिल ओढा वाहत येतो, आणि खडकवासल्याच्या धरणातून निघालेला कालवा पर्वतीच्या पायथ्याने स्वारगेटकडे जातो. आपण ओढ्याला ओढा म्हणतो आणि कालव्याला कालवा. पण मुंगसाच्या दृष्टीने त्यांचे झाडीचे काठ म्हणजे शहरात शिरण्याच्या वाटा आहेत.

या प्राण्यांच्या जणू दोन पाळ्या असतात. खार आणि मुंगूस दिवसपाळीचे. घूस, चिचुंदरी आणि उदमांजर रात्रपाळीचे. पहाटे आणि तिन्हीसांजेला एक पाळी सुटत असते आणि दुसरी सुरू होत असते. दुर्दैवाने आपली धावपळही त्याच वेळी असते. पहाटे माल उतरवणारे ट्रक, हातगाड्या, टेंपो, कॅरियरवर टोपली बांधलेले भाजीवाले, आणि सकाळच्या शाळेला निघालेले तुम्ही.

आता गणिताकडे वळू. तुमच्या सायकलचा वेग ताशी १८ किलोमीटर आहे असे समजा. म्हणजे सेकंदाला बरोबर ५ मीटर. प्राणी दिसला, मेंदूने ओळखला, बोटांना हुकूम गेला, बोटांनी ब्रेक दाबला. एवढ्याला बेसावध माणसाला साधारण एक सेकंद लागतो. त्या सेकंदात सायकल ५ मीटर पुढे गेलेली असते आणि वेग तितकाच असतो. त्यानंतर ब्रेकचे काम सुरू होते. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक वेग दर सेकंदाला सुमारे ३ मीटर प्रति सेकंद इतका कमी करतात असे धरू. वेगाच्या वर्गाला मंदनाच्या दुपटीने भागले की थांबण्याचे अंतर मिळते : २५ भागिले ६, म्हणजे ४ मीटरहून थोडे जास्त. पहिले ५ आणि हे ४ मिळून झाले ९ मीटर. तीन हातगाड्या एकीमागे एक लावल्या तरी एवढे अंतर व्हायचे नाही!

हे झाले कोरड्या रस्त्याचे. मार्केट यार्डातला रस्ता कोरडा असतो कधी? कोबीचा पाला, चिरडलेले टमाटे, कांद्याची टरफले, आणि वर टँकरचे सांडलेले पाणी. पावसाळ्याच्या पहिल्या सरीत तर धूळ आणि तेल यांचा बुळबुळीत थर सगळ्याच रस्त्यांवर तयार होतो. जुन्या काळ्या सायकलींच्या चकचकीत पोलादी रिमा ओल्या झाल्या की ब्रेकचे रबर त्यांच्यावरून नुसते सरकते. मंदन ३ ऐवजी सव्वा झाले असे धरा. २५ भागिले अडीच, म्हणजे १० मीटर. अधिक पहिले ५. एकूण १५ मीटर.

बरे, वेग निम्मा केला तर? ताशी ९ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. प्रतिक्रियेत अडीच मीटर जातील आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकला जेमतेम एक मीटर लागेल. ९ मीटरचे साडेतीन मीटर झाले. ओल्या रस्त्यावर १५ चे ५ झाले. वेग निम्मा केला तर अंतर निम्म्याहूनही कमी होते, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. परीक्षेसाठी पाठ केलेला तो वर्ग असा एखाद्या खारीच्या उपयोगी पडतो.

ही झाली सायकलस्वाराची बाजू. पण या प्रकरणात दुसरा पक्षकारही आहे, आणि मला तर त्याचीच बाजू अधिक मनोरंजक वाटते. तुम्ही येत आहात हे मुंगसाला कसे कळते?

एक डोळा मिटा, हात लांब करून अंगठा समोर धरा आणि तो हळूहळू डोळ्याजवळ आणा. सुरुवातीला अंगठा फारसा मोठा होताना दिसत नाही. शेवटच्या वितीत मात्र तो एकदम फुगतो आणि आपण डोळा मिटून घेतो. जवळ येणारी वस्तू अशी झपाट्याने फुगू लागली की धोका ओळखायचा, ही युक्ती निसर्गाने पुष्कळ प्राण्यांना दिलेली आहे. टोळ आणि कबुतर यांच्या चेतासंस्थेत नेमक्या याच गोष्टीला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी शास्त्रज्ञांना सापडल्या आहेत.

आता सायकल आणि ट्रक यांची तुलना करा. वस्तूची रुंदी भागिले अंतर, हा तिच्या दिसणाऱ्या आकाराचा अंदाज. सातारा रस्त्यावरून ताशी ५४ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, अडीच मीटर रुंदीचा ट्रक येत आहे. तो ५० मीटरवर असताना आकार ०.०५०; एका सेकंदाने तो ३५ मीटरवर आला की ०.०७१. वाढ झाली ०.०२१. त्याच ५० मीटरवर तुमची अर्धा मीटर रुंदीची सायकल असेल, तर एका सेकंदात आकार ०.०१० चा ०.०११ होतो. वाढ फक्त ०.००१. मुंगसाच्या डोळ्याला ही वाढ जवळजवळ जाणवणारच नाही. ट्रकने ५० मीटरवरून जी धास्ती घातली, तेवढी घालायला सायकलला किती जवळ यावे लागेल? करून पाहा : १४ मीटरवरून ९ मीटरवर येताना आकार ०.०३६ चा ०.०५६ होतो, म्हणजे वाढ ०.०२०. जवळजवळ तितकीच!

ट्रक आवाज करतो, जमीन हादरवतो, आणि दुरूनच अंगावर येतोसा दिसतो. सायकल बारीक, मुकी आणि मऊ टायरची. ती जवळपास १४ मीटरवर येईपर्यंत प्राण्याला तिची दखल घ्यावीशी वाटत नाही. आणि तुम्हाला थांबायला कोरड्यात ९ आणि ओल्यात १५ मीटर लागतात, हे आपण आताच काढले. म्हणजे प्राणी जागा होतो तेव्हाच तुमची थांबण्याची संधीही संपत आलेली असते. सायकल निरुपद्रवी असूनही प्राणी तिच्या पुढ्यात येऊन गोंधळतो, याचे कारण या दोन आकड्यांच्या जवळिकीत आहे. आपले आकडे ठोकळ आहेत, प्रत्येक प्राण्याचा स्वभाव वेगळा, हे खरे. तरी हिशेबाची दिशा बदलत नाही.

गोंधळलेला प्राणी काय करतो? खार थोडी पुढे पळते, थबकते, उलट फिरते, पुन्हा वळते. पाहणाऱ्याला तो वेडेपणा वाटतो. पण वरून झडप घालणाऱ्या घारीपुढे ही नागमोडी पळापळ फार कामाची असते, कारण भर वेगातल्या घारीला एकाएकी वळता येत नाही. चाकाला मात्र खारीची शिकार करायचीच नसते. ते आपले सरळ येत असते आणि खारच उलट फिरून त्याच्याखाली किंवा आऱ्यांत सापडते. चिचुंदरीची तऱ्हा निराळी. तिची नजर अधू. ती नाक आणि कान यांच्या भरवशावर भिंतीच्या कडेकडेने धावते. रस्ता ओलांडताना भिंत सुटली की ती बिचारी उघडी पडते. उदमांजरासारखे निशाचर दिव्याच्या झोतात थबकतात. त्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो, म्हणून ते हिरवट-पिवळे चमकतात आणि तुम्हाला दुरून दिसतात. घुशीच्या डोळ्यांत तसा थर नाही, त्यामुळे ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

सापाचे कारण भौतिकशास्त्रातले आहे. डांबर दिवसभर उष्णता साठवते आणि सूर्य मावळल्यावर सावकाश सोडते. सापाच्या शरीराचे तापमान भोवतालावर अवलंबून असल्यामुळे तो सायंकाळी ऊबदार रस्त्यावर येऊन पडतो. दिवेघाट, बोपदेव घाट अशा रस्त्यांवर सायकलने जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. तेथे घंटी वाजवून उपयोग नाही. घंटीचा उंच स्वर सापाला ऐकू येत नाही.

खार, मुंगूस, मांजर यांना मात्र घंटी चांगली ऐकू येते. पण ती केव्हा वाजवायची? आपल्या हिशेबाप्रमाणे प्राणी १४ मीटरच्या अलीकडे डोळ्यांनी सावध होतो. तेव्हा त्याला कानांनी त्याआधीच, वीस-पंचवीस मीटरवरून, सावध केले पाहिजे. पाच मीटरवर येऊन घंटी खणखणवली तर दचकून तो कोठेही उडी मारील.

आणि तरीही प्राणी पुढ्यात आलाच तर? मनात पहिली ऊर्मी येते ती हँडल फिरवण्याची. तीच सर्वांत धोक्याची. बोळात समोरासमोर आलेली दोन माणसे एकमेकांना वाट देण्यासाठी एकाच बाजूला सरकतात आणि पुन्हा अडतात, हे तुम्ही अनुभवले असेल. सायकलस्वार आणि खार यांचे तसेच होते. शिवाय सायकल वळते ती प्रथम त्या बाजूला कलल्यावर. उजवीकडे वळायचे तर आपण नकळत हँडल क्षणभर डावीकडे नेतो. त्यामुळे सायकल उजवीकडे कलते आणि मग वळते. घाबरून हँडल थेट उजवीकडे ओढले तर चाके उजवीकडे जातात आणि अंग डावीकडे कोसळते. त्यातून मागून टेंपो येत असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

हे खोटे वाटत असेल तर शाळेच्या मैदानात पाहा. पाण्याच्या डबक्यातून सायकल सरळ न्या आणि कोरड्या फरशीवर येताच, न थांबता, उजवीकडे वळा. पुढच्या चाकाची ओली रेघ नीट न्याहाळा. वळणाच्या आधी ती किंचित डावीकडे झुकलेली दिसेल.

तेव्हा हँडल सरळ धरायचे, पेडल थांबवायचे आणि दोन्ही ब्रेक एकदम, पण चढत्या दाबाने, लावायचे. पुष्कळ मुले पुढच्या ब्रेकला भिऊन फक्त मागचाच दाबतात. सायकल मंदावू लागली की तुमचे वजन पुढच्या चाकावर सरकते, मागचे चाक हलके होते आणि घसरते. नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागते. उलट पुढचाच ब्रेक एकाएकी करकचून दाबला तर स्वार हँडलवरून पुढे जाईल. म्हणून दोन्ही, आणि बूड थोडे मागे सरकवून. हँडलला भाजीची पिशवी लोंबकळत असेल तर यातले काहीच नीट जमणार नाही. ती कॅरियरला बांधा.

प्राणी जखमी झाला तर त्याला उघड्या हाताने उचलू नका. वेदनेने तो चावतो. मुंगूस, मांजर, कुत्रा यांच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो, आणि तो एकदा उद्भवला की जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. चावा किंवा ओरखडा कितीही लहान असला तरी जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. जखमी वन्यप्राण्याबद्दल वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवता येते. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे; त्याला घरी आणून पाळणे हा गुन्हा ठरतो.

वर्गातल्या चार-पाच जणांनी मिळून महिनाभर एक वही ठेवा. शाळेच्या वाटेवर कोणता प्राणी आडवा आला, किती वाजता, रस्ता ओला होता की कोरडा, तो थबकला, पळाला की उलट फिरला, आणि तुम्ही त्याला पाहिले तेव्हा तो किती अंतरावर होता, हे लिहा. अंतर मोजण्यासाठी सायकल कडेला लावून पदपथावरूनच पावले टाका. तुमचे एक पाऊल किती सेंटिमीटरचे आहे, ते आधी मैदानात वीस पावले चालून काढून ठेवा.