फोरव्हीलरचं ऑईल काढून टाक

चि. निखिल यास मामाचे अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. मित्राच्या फोरव्हीलरचं उरलेलं ऑईल तू दाजींच्या स्प्लेंडरमध्ये ओतलंस म्हणे. ‘जुनी गाडी धूर टाकते, जाड ऑईल घाल’ असं कुणी सांगितलं, आणि तू ऐकलंस? खरं असेल तर आधी ते काढून टाक.

अरे, बहुतेक फोरव्हीलरचा क्लच कोरडा असतो. आपल्या गाडीचं इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑईलवर चालतात. फोरव्हीलरच्या पुष्कळ ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. त्यानं क्लच घसरू लागतो, रेस वाढते आणि गाडी ओढत नाही. दर शनिवारी कुंभार्ली घाट चढून पाटणला येतोस तू. मागे भरलेला ट्रक असताना असं झालं तर? या विचारानं रात्री झोप लागली नाही मला.

डब्यावर १०डब्ल्यू-३० आणि जासो एमए हे दोन्ही बघूनच घे. जाड ऑईलनं धूर चार दिवस कमी दिसेल, पण निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात नाहीतर व्हॉल्व्हची सीलं गेलीत. ते काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावं लागेल. तोवर दर आठवड्याला ऑईलची पातळी बघ. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद कर, थोडं थांब, गाडी सपाट जागी सरळ उभी धर. मग पट्टी पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून बघ. आणि ते फोरव्हीलरचं ऑईल, निखिल, आजच काढ.

दाजी रविवारी इंजिन कोमट असतानाच जुनं ऑईल काढायचे. म्हणायचे, गरम असलं की गाळ सोबत निघतो. मी नुसता बघत उभा असायचो. त्यांच्या शेजारी बसून हात काळे करायचे राहूनच गेले. आज त्याची फार चुटपुट लागते.

रागावलो, मनाला लावून घेऊ नकोस. बाबांची गाडी चालती राहावी म्हणूनच तू हे केलंस, कळतं मला. रिंगांच्या कामाचा खर्च मी देईन, कुणाकडे मागू नकोस. या शनिवारी मात्र एसटीनं ये. उशीर झाला तरी चालेल, ताई आणि मी जेवायचे थांबू.

तुझा,
मामा