‘पूजा’, ‘मान’ आणि ‘बलिदान’ : मराठीतील कॅथलिक भक्तिसमर्थनाचा भाषिक पेच

मराठी वाङ्मयेतिहासात ‘ख्रिस्ती मराठी साहित्य’ हे एकच प्रकरण असते. फादर स्टीफन्स, बाबा पदमनजी, ना. वा. टिळक आणि पंडिता रमाबाई अशी नावे त्यात एकामागून एक येतात. त्यांपैकी पहिले नाव कॅथलिक परंपरेचे व उरलेली प्रॉटेस्टंट परंपरेची, एवढी नोंद करून इतिहासकार पुढे जातो. परंतु हा भेद केवळ पंथाचा नसून शब्दांचाही आहे. मारियेची भक्ती, संतांची विनवणी व मूर्तींचा आदर हे कॅथलिक आचार प्रॉटेस्टंट वाचकाला आणि संशयी हिंदू वाचकाला मराठीत समजावून सांगताना नेमकी कोणती अडचण येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे मूळचे इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील. एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडमध्ये चर्चमधील मूर्ती हटविल्या जात होत्या आणि जपमाळ बाळगणे संशयास्पद ठरत होते. तो देश सोडून ते रोममध्ये जेझुइट झाले व १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. त्यांचे कार्यक्षेत्र साष्टी होते. तेथील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांची हत्या झाली. ज्यांच्या डोळ्यांदेखत देवतांच्या मूर्ती भंगल्या, त्याच लोकांना नव्या इग्रेजीत मारियेची मूर्ती दिसत होती. ‘आमच्या मूर्ती खोट्या, मग ही कोणती?’ हा प्रश्न त्यांच्या मनात आला नसेल असे मानणे कठीण आहे. इंग्लंडमधील प्रॉटेस्टंटांचा प्रश्नही मुळात हाच होता. एकाच प्रश्नाच्या दोन टोकांवर ज्याचे आयुष्य गेले असा दुसरा मराठी ग्रंथकार दाखविता येणार नाही.

१६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’ची चौकट या दृष्टीने बोलकी आहे. ग्रंथ उगवतो तोच एका नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या तक्रारीतून : जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे का देत नाही? जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ, पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ अवस्वर, एका श्रोत्याच्या मागणीला दिलेले उत्तर आहे. पुढेही श्रोते मधूनमधून शंका विचारतात आणि पाद्री गुरू त्यांचे निरसन करतात. मात्र स्टीफन्सांचा भर वादापेक्षा कथनावर आहे. मंगलाचरणात देवाच्या स्तवनानंतर मारियेला व संतांना वंदन येते ते मराठी पुराणाच्या रीतीला धरूनच. त्यासाठी वेगळे समर्थन द्यावे लागत नाही. गणेश, शारदा व गुरू यांना नमन करून मुख्य दैवताकडे वळणारी रचना श्रोत्याच्या कानाला परिचित होती. येथे संकेत स्वतःच युक्तिवादाचे काम करतो.

समर्थन करण्याची वेळ आली की मात्र मराठी शब्द अडवू लागतात. कॅथलिक धर्मशास्त्रातील मूळ भेद असा : केवळ देवाला द्यावयाची ती ‘लात्रिया’, संतांना द्यावयाचा मान तो ‘दुलिया’ आणि मारियेला द्यावयाचा विशेष मान तो ‘हिपरदुलिया’. यांतील पहिल्या दोहोंचा भेद संत ऑगस्टीनने केला आहे. मूर्तीला दिलेला मान मूर्तीपाशी न थांबता तिच्यातून सूचित होणाऱ्या व्यक्तीला पोहोचतो, हा ७८७ च्या निकिया परिषदेचा निर्णय ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये पुन्हा सांगितला. या सूत्राचे मराठी रूप सामान्यतः असे केले जाते : आम्ही देवाची पूजा करतो, संतांना मान देतो.

हे वाक्य मराठीत टिकत नाही. मराठीत ‘पूजा’ ही देवापुरती कधीच मर्यादित नव्हती. दसऱ्याला शस्त्रांची, पोळ्याला बैलांची, एरवी गुरूची, आईवडिलांची आणि अतिथीचीही पूजा होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मराठीत पूजा ठरते ती उपचारांवरून. फूल, दीप, धूप, नैवेद्य व मिरवणूक असली की ती पूजा. करणाऱ्याच्या मनातील संकल्प शब्दाच्या अर्थात मोडत नाही. ‘लात्रिया’ची व्याख्या याच्या नेमकी उलट आहे. त्यामुळे सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हातपाय वाहणाऱ्या भाविकाला पाहून ‘ही पूजा नव्हे’ असे म्हटले, तर मराठी श्रोता हसतो. तो दुष्टपणाने हसत नाही. त्याच्या भाषेत ते विधान खोटेच असते. इंग्रजीतील ‘वर्शिप’ शब्दाचीही एकेकाळी हीच गत होती. दंडाधिकाऱ्याला आदरार्थी ‘युवर वर्शिप’ म्हणण्याची प्रथा त्या जुन्या व्यापक अर्थाची खूण आहे. इंग्रजीत पुढे तो अर्थ आकसला, मराठीत ‘पूजा’चा आकसला नाही.

एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट लेखनाने या पेचात भर घातली. १८२९ मध्ये मुंबईत आलेले जॉन विल्सन यांच्या वादविवादांपासून ‘मूर्तिपूजा’ हा शब्द मराठीत आरोप म्हणून रूढ झाला. लक्ष्य हिंदू आचार होते. पण अशा सरसकट शब्दाला लक्ष्य निवडता येत नाही, त्यामुळे वसईचा कॅथलिकही आपोआप त्याच्या कक्षेत आला. पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला तो रोमन कॅथलिक पंथात नव्हे, तर कॅथलिक वळणाच्या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने. त्या संघातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई अधिकार मानण्याविषयी शंका घेतात. लॅटिन अक्षरे असलेला क्रूस गळ्यात घालायला त्या तयार होत नाहीत. जे कळत नाही ते धारण करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. तीच दृष्टी पुढे त्यांच्या बायबलच्या भाषांतरात उतरली. केडगावच्या मुक्ती मिशनने १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध केलेल्या या भाषांतरात हिंदू धर्माचे संस्कार असलेले शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. स्टीफन्सांची वाट याच्या विरुद्ध होती. ‘ख्रिस्तपुराणा’च्या रोमन लिपीतील परंपरेत जेथे पोर्तुगीज संज्ञा आहेत, तेथे लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात संस्कृत शब्द आढळतात. हे हस्तलिखित अभ्यासकांच्या नजरेस आणले ते अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन ॲबट या प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने, ही गमतीची गोष्ट येथे नोंदवावी.

‘संत’ या शब्दाने तरी कॅथलिकांची सोय केली असे वाटते. पोर्तुगीज ‘सांत’ आणि मराठी ‘संत’ यांची व्युत्पत्ती वेगळी, पण ध्वनी जवळचा. ज्ञानदेवांच्या समाधीपुढे माथा टेकल्याने विठ्ठलाचा अपमान होतो असे वारकऱ्याला वाटत नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे प्रॉटेस्टंट टिळकांनीही म्हटले होते. पनवेलच्या बेथ एल सिनेगॉगमध्ये मूर्ती नाही, तरीही रायगडच्या बेने इस्रायलांच्या मलिद्यात एलिया संदेष्ट्याचे स्मरण होतेच. मूर्ती नाकारणाऱ्या धर्मालाही पुण्यपुरुषाचे स्मरण नाकारता येत नाही. परंतु स्मरण आणि विनवणी यांत अंतर आहे, आणि प्रॉटेस्टंटाचा आक्षेप विनवणीला आहे : देव आणि मानव यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, असे तिमथ्याच्या पहिल्या पत्रात पौल सांगतो. कॅथलिक उत्तर येथे नामापेक्षा क्रियापदावर उभे आहे. जपमाळेतील मारियेच्या प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानातून आलेला आहे. उत्तरार्धात तिच्याकडे काही ‘दे’ असे मागितलेले नाही, आमच्यासाठी देवाकडे ‘माग’ एवढेच म्हटले आहे. शेजाऱ्याला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हणण्याहून हे वेगळे नाही, असा हा युक्तिवाद. तो निर्दोष आहे. पण नवसाच्या भाषेत हा भेद पुसला जातो हेही मान्य करावे लागते. कोर्लईपासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावर मारिया ‘पावते’, आणि मराठीत ‘पावणे’ हे दैवताचे क्रियापद आहे.

मग भेद दाखवावा कोठे? ऑगस्टीनच्या विवेचनातच त्याचे उत्तर आहे, आणि मराठी समर्थनपर लेखनाने त्याचा पुरेसा उपयोग केलेला नाही. हार, मेणबत्ती, नमस्कार हे मनुष्यालाही देता येतात. यज्ञ मात्र फक्त देवाला. ट्रेंट परिषदेने १५६२ मध्ये हेच सांगितले : मिस्सा संतांच्या स्मरणार्थ होते, संतांना अर्पण होत नाही. मराठी कॅथलिक तिला ‘मिस्साबलिदान’ म्हणतात. प्रॉटेस्टंटांचा शब्द ‘प्रभुभोजन’. ‘पूजा’ आणि ‘मान’ या जोडीने जे साधत नाही ते ‘बलिदान’ या एका शब्दाने साधते. कोणाला काय वाहिले याचा विचार करणाऱ्या मराठी मनाला हा निकष तत्काळ कळतो.

मात्र या शब्दाची किंमतही मोठी आहे. हिंदू संशयवाद्याचे त्याने समाधान होईल. प्रॉटेस्टंटाशी असलेला मूळ वाद येथूनच सुरू होतो. क्रूसावरील बलिदान एकदाच झाले, वेदीवर ते अर्पण होते ही कल्पनाच अमान्य, अशी सुधारकांची भूमिका होती आणि इंग्लंडच्या चर्चच्या ३९ कलमांपैकी एकतिसावे कलम तीच कठोर शब्दांत मांडते. मारियेविषयीचा वाद शब्दांनी पुष्कळसा मिटविता येतो. मिस्सेविषयीचा वाद भाषांतराचा नव्हे.