चीवर, लुगडे आणि गोधडी : हिवाळी सुट्टीसाठी एक अभ्यासपाठ

रत्नागिरी जिल्ह्याच्या थंडीची दखल फारशी कोणी घेत नाही. किनाऱ्यावरच्या गावांना समुद्र ऊब देतो. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेली खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा या तालुक्यांतील गावे आणि दापोलीचा उंचवटा मार्गशीर्ष-पौषाच्या पहाटे चांगलाच गारठतो. नाताळच्या सुट्टीत आपल्या शाळेतील मुले घरी जातात, ती याच दिवसांत. चुलीची धग, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, टाचांच्या भेगांना लावायचे कोकमाच्या बियांचे तेल आणि उन्हात तापवून घडी घातलेली गोधडी, ही आपल्या घरांतील थंडीची तयारी. यांपैकी गोधडी हा या पाठाचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल. पण त्याला एक कारण आहे. सुट्टीहून परतताना मुले आता बाजारातील मऊ ब्लँकेट आणतात आणि आईने गोधडी दिलीच तर ती ट्रंकेच्या तळाशी ठेवतात. कोणी पाहू नये, अशी त्यांची इच्छा असते. त्याच वेळी शहरांतील दुकानांत हाताने शिवलेली गोधडी शोभेची वस्तू म्हणून चांगल्या किमतीला विकली जाते. ज्या वस्तूची आपल्या मुलांना लाज वाटते, तिचे इतरांना कौतुक का वाटते? ही लाज आली कोठून? या प्रश्नांची उत्तरे इतिहासात आहेत आणि ती मुलांना सांगणे आम्ही शिक्षकांचे काम समजतो.

गोधडीचे गणित

प्रथम वस्तू नीट पाहू. कोणी तिला गोधडी म्हणते, कोणी वाकळ. चार पदरांची असेल तर चौघडी. जुने नऊवारी लुगडे नऊ वारांचे, म्हणजे सत्तावीस फुटांचे. सहा फूट लांबीच्या गोधडीसाठी त्याच्या चार घड्या घातल्या की चोवीस फूट कापड लागते आणि तीन फूट उरते. त्या उरलेल्या तुकड्यांतून विरलेल्या जागी ठिगळे लावायची आणि काठाची पट्टी कडेला फिरवायची. एका लुगड्यात एक चौघडी, आणि वाया काहीच नाही. शाळेत न गेलेल्या स्त्रियांना हा हिशेब तोंडपाठ होता.

भातकापणी आणि झोडणी आटोपली की हे काम निघे. कापड धुऊन कडक उन्हात वाळवायचे, सारवलेल्या अंगणात किंवा ओटीवर अंथरायचे, सुरकुत्या काढून मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचे आणि मग धावदोरा घालायचा. पुष्कळ ठिकाणी शिवण कडेने सुरू होते आणि चौकोनात चौकोन करीत मध्याकडे सरकते. ऊब कापडात नसते, पदरांच्या मध्ये अडकून राहिलेल्या हवेत असते. ती हवा हलली नाही तर अंगाची उष्णता बाहेर जात नाही. टाका पदरांना सरकू देत नाही, गोळा होऊ देत नाही. टाके विरळ घातले तर गोधडी लवकर ढिली पडते. फार दाट घातले तर पदर एकमेकांना चिकटतात आणि हवेला जागा उरत नाही. योग्य अंतर अनुभवानेच कळते.

आता श्रम मोजू. गोधडी सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन ओळींत एक इंच अंतर धरले, तर अठ्ठेचाळीस ओळी होतात. प्रत्येक ओळ बहात्तर इंचांची. म्हणजे एकूण ३,४५६ इंच शिवण. इंचाला तीनच टाके धरले तरी दहा हजार तीनशे अडुसष्ट टाके. मिनिटाला दहा टाके पडले, तर केवळ टोचण्याचे सतरा तास. हे सतरा तास सलग कोणालाच मिळत नव्हते. दुसऱ्याच्या शेतावरील मजुरी, पाणी, लाकूडफाटा आणि मुलेबाळे यांतून उरलेल्या वेळात ते महिनाभर विखुरलेले असत.

चीवराची परंपरा

जुन्या वस्त्रांचे तुकडे जोडून अंग झाकण्याची रीत आपल्या धम्माला परकी नाही. विनयपिटकाच्या महावग्गात चीवरावर एक संपूर्ण प्रकरण आहे. आरंभी भिक्खू पांसुकूल, म्हणजे उकिरड्यावर व स्मशानात टाकलेल्या चिंध्या, गोळा करून धूत, रंगवीत आणि शिवीत. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्यासही अनुमती मिळाली. मगधातील भातशेती पाहून, बांधांनी विभागलेल्या त्या खाचरांसारखी चीवराची रचना करता येईल काय, असे भगवंतांनी आनंदांना विचारले आणि आनंदांनी तशी रचना करून दाखविली. कोकणातील माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. डोंगरउतारावरून खाली पाहिले की तेच चीवर दिसते.

थंडीचा प्रसंगही त्याच प्रकरणात आहे. राजगृहाहून वैशालीला जाताना डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर वस्त्रांची गाठोडी घेऊन चाललेले भिक्खू भगवंतांना दिसले. किती वस्त्रे पुरेशी, हे त्यांनी स्वतःवर आजमावून पाहिले. वैशालीच्या गोतमक चैत्यात माघ संपताना आणि फाल्गुन लागताना पडणाऱ्या कडाक्याच्या रात्री ते उघड्यावर एका वस्त्रानिशी बसले. पहिला प्रहर सरता थंडी वाजली, तेव्हा दुसरे वस्त्र घेतले. मधला प्रहर सरता तिसरे, आणि पहाटे चौथे. यावरून तीन चीवरांचा नियम झाला, आणि त्यांतील संघाटी दुहेरी करण्यास सांगितले गेले. वापरून विरलेल्या कापडाची असेल तर संघाटी चौपदरी करण्याची मुभा होती. आपली चौघडी हेच सूत्र पाळते.

चुल्लवग्गात राजा उदेन आणि आनंद यांचा संवाद आहे. राण्यांनी पाचशे वस्त्रे दान दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू, असे आनंदांनी सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. खोळींची अंथरणे, अंथरणांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडण्याची फडकी. आणि फडकी फाटली की त्यांचा लगदा चिखलात मळून जमीन लिंपू. आपल्या आज्यांनीही लुगड्याची गोधडी, गोधडीचे बाळाचे दुपटे आणि दुपट्याचे फडके केले.

धम्मपदाच्या अट्ठकथेत अनुरुद्ध स्थविरांचे चीवर शिवण्याचा प्रसंग येतो. महाकाश्यप, सारिपुत्त आणि आनंद शिवायला बसले, भिक्खूंनी सूत कातले आणि भगवंतांनी स्वतः सुईत दोरा ओवला. शिवण हे हलके काम नव्हे, हे सांगायला यापेक्षा मोठा दाखला नको.

लादलेले वस्त्र

येथे एक सावधगिरी हवी. भिक्खूंनी चिंध्या स्वीकारल्या, म्हणून चिंध्या पवित्र, असा निष्कर्ष काढला तर आपण आपल्याच इतिहासाशी अन्याय करू. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. महाराष्ट्रातील गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. भिक्खूचे पांसुकूल आणि हे कापड वरवर एकच, दोन्ही स्मशानातलेच. परंतु राजपुत्राने आणि श्रेष्ठीपुत्राने स्वेच्छेने घेतलेली चिंधी हा त्याग असतो, आणि जन्मामुळे माथी मारलेली चिंधी ही गुलामी असते. नाकारण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याच्याच स्वीकाराला अर्थ असतो.

हा नकार आपल्या जिल्ह्याच्या शेजारी, महाड येथे उच्चारला गेला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत आणि कथील-चांदीचे अवजड दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. अनेक स्त्रियांनी तेथेच लुगडे नेसण्याची रीत बदलली. नाताळच्या सुट्टीत हा दिवस येतो, हे पालकांनी मुलांना आवर्जून सांगावे.

कापडातून अस्पृश्यता कशी चाले, याचे आणखी दोन दाखले आहेत. बाबासाहेबांना लहानपणी वर्गात बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि संध्याकाळी ते परत आणावे लागे. कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. दुसरा दाखला मुंबईच्या गिरण्यांचा. आपल्या जिल्ह्यातील हजारो माणसे तेथे राबली. परंतु अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, असे इतर कामगार म्हणत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. मुंबईत धाग्याला स्पर्श नाकारला जात होता, तेव्हा गावी त्याच कामगारांच्या आया आणि बायका जुन्या लुगड्याच्या काठातून धागा उसवून गोधडी शिवीत होत्या.

टाका कोणाचा?

आता लाजेचा उलगडा होतो. मुलाला लाज वाटते ती गोधडीची नव्हे, तिच्यामागच्या अभावाची. तो अभाव आपल्या घराण्यांनी निर्माण केला नव्हता. जमीन, पाणवठा, शाळा आणि धंदा नाकारून तो लादला गेला होता. त्याची लाज लादणाऱ्यांनी बाळगावी. चिंधी परिस्थितीने दिली. पण टाका आजीचा होता. कोणता रंग कोणाशेजारी ठेवायचा, काठ कोठे फिरवायचा, कोपऱ्यात त्रिकोण घालायचा की चौकोन, हे निर्णय तिचे. ज्या आयुष्यात तिला फारसे काही ठरवता आले नाही, तेथे सहा फूट बाय चार फुटांची ही जागा तिच्या सत्तेची होती.

जगात अन्यत्रही असे घडले आहे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून आणले गेले होते. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील जीज बेंड परिसरात गुलामांच्या वंशातील कृष्णवर्णीय स्त्रिया जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. मतदार म्हणून नाव नोंदवल्याबद्दल तेथील अनेक कुटुंबांना घर आणि काम गमवावे लागले. १९६६ मध्ये तेथील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली आणि गोधड्या विकून स्वतःची कमाई उभी केली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले.

या उदाहरणातून आपण दोन गोष्टी शिकाव्यात. एक, गोधडी विकायची असेल तर वर मोजलेल्या सतरा तासांची मजुरी शिवणारीच्या हाती पडली पाहिजे. कौतुक दुकानाचे आणि पाठदुखी बाईची, हा व्यवहार जुन्या बलुत्याहून वेगळा नाही. दुसरी, गोधडी टिकावी म्हणून आपल्या मुलींनी अभावात राहावे, असे कोणी म्हणू नये. त्यांनी शिकावे, नोकरी करावी, हवे ते ब्लँकेट विकत घ्यावे. आणि शिवणे निवडलेच तर ते आपल्या मर्जीने निवडावे. मुलांनीही सुई हाती धरावी. ज्या धम्माच्या शास्त्याने सुईत दोरा ओवला, त्या धम्मात शिवण फक्त बायकांचे काम असू शकत नाही.

सुट्टीतील अभ्यास

घरात जुनी गोधडी असेल, तर या सुट्टीत विद्यार्थ्यांनी तिच्याजवळ वही घेऊन बसावे. माजी विद्यार्थ्यांनाही आमची हीच विनंती आहे. पुढील प्रश्न घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारावेत :

१. ही गोधडी कोणी शिवली? त्यांचे पूर्ण नाव, माहेर आणि सासर लिहा.
२. यातील प्रत्येक कापड कोणाचे? लुगडे, धोतर, सदरा, गिरणीतून आणलेले तुकडे यांची नोंद करा.
३. ती कोणत्या साली, कोणत्या निमित्ताने शिवली? बाळंतपण, लग्न, मुंबईला जाणे, वसतिगृहात जाणे?
४. लांबी, रुंदी, पदर आणि एका इंचातील टाके मोजा. एकूण टाक्यांचा हिशेब करा.
५. शिवताना कोण सोबत असे? दिवसा कोणते काम करून त्या शिवीत?
६. धम्मदीक्षेपूर्वी आणि नंतर घरातील वस्त्रांत काय बदलले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी लिहावे. इतिहासाचे अध्यापन करताना आम्हाला सरकारी दप्तरांत आपल्या पुरुषांची नावे क्वचित सापडतात, स्त्रियांची जवळजवळ नाहीतच. ज्या आज्यांना ही नावे ठाऊक आहेत, त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. कापड पुढेही काही वर्षे टिकेल. त्याच्यामागचे नाव मात्र सांगणारीबरोबर जाईल. म्हणून हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये. गोधडीच्या मागच्या बाजूला, एका कोपऱ्यात, शिवणारीचे नाव रंगीत दोऱ्याने टाचून ठेवले तर अधिकच उत्तम. अक्षरे काढायला नात शिकली आहे आणि टाका घालायला आजी. दोघींनी मिळून ते काम एका दुपारी होईल.

आणि सुट्टीहून परतताना ती गोधडी ट्रंकेत सर्वांत वर ठेवावी.

नमो बुद्धाय! जय भीम!